जुन्या बाजारात पहिल्यांदा जाताना: खिशात सुपारी, भिंग आणि थोडेच पैसे

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला विचारतंच, की अगं चोर बाजारात जुन्या वस्तू बघायला जायचंय, काय घेऊ, फसणार तर नाही ना. फसणार. पहिल्या वर्षी सगळेच फसतात, फक्त कितीला फसायचं एवढं आपल्या हातात असतं. मी साडेतीन हजारांना फसले. पितळी होकायंत्र, जड, झाकणाचं, वर लंडनच्या कुठल्याशा कंपनीचं नाव आणि १८८५ साल, आणि झाकणाच्या आत एक इंग्रजी कविता बारीक अक्षरात कोरलेली. दुकानदार म्हणाला जहाजावरचं आहे, कप्तानाचं. मी घरी आणून आठवडाभर येईल त्याला दाखवत होते, मग नवऱ्याच्या एका मित्राने कविता वाचली आणि हसायलाच लागला, कारण ती कविता पहिल्यांदा छापली गेली १९१५ साली. म्हणजे कप्तान तीस वर्षं पुढचं वाचत होता. नंतर कळलं की असली होकायंत्रं, दुर्बिणी, सेक्स्टंट सगळं रुडकीला बनतं, ढिगाने, आणि तिथून जगभर जातं. माझं अजून टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून बरं आहे.

तर हे सगळं नवख्या लोकांसाठी लिहितेय. मी डीलर नाही, एक्स्पर्ट तर नाहीच नाही, बारा-तेरा वर्षं रविवार घालवलेत एवढंच क्वालिफिकेशन.

पायरी १: बाजार नंतर, आधी माळा

कुठंही जायच्या आधी स्वतःच्या घरच्या, आजोळच्या, काकांच्या माळ्यावर चढा. हे फुकट असतं आणि इथं जे शिकाल ते दुकानात कुणी शिकवत नाही. शंभर टक्के खरी, आपल्याच घरात वापरलेली वस्तू हातात घेऊन बघा. तांब्याचं घंगाळ असेल तर त्याच्या कड्या बघा, कडी जिथं कानात फिरते तिथं धातू झिजून पातळ झालेला असतो. खलबत्ता असेल तर आत बोट फिरवा, तळाला खळगा पडलेला असतो आणि तो बरोब्बर मध्यभागी नसतो, कुटणारीचा हात ज्या बाजूला जायचा त्या बाजूला असतो. अडकित्त्याचं पातं धार लावून लावून अरुंद झालेलं असतं. पाट्याला टाकी लावलेल्या खुणा असतात. झीज नेहमी वापराच्या जागीच होते, हे एकदा बोटांना कळलं की निम्मं काम झालं, कारण खोटं जुनं करणारा माणूस सगळीकडे सारखं घासतो.

आणि माळ्यावर काही सापडलं नाही तर त्याचंही कारण माहीत असू दे. स्टेनलेस स्टील आलं आणि साठ-सत्तरच्या दशकापासून घरोघरचं तांबं-पितळ मोडीत गेलं. कल्हईचा व्याप नको, घासायचा त्रास नको, स्टील कसं चकाचक. आमच्या आजीचा बंब असाच गेला, त्या बदल्यात स्टीलचा डब्यांचा सेट आला, तो सेट अजून आईकडे आहे आणि त्यातल्या एकाही डब्याचं झाकण नीट बसत नाही.

पायरी २: एक चक्कर म्युझियमची

पुण्यात असाल किंवा येणार असाल तर शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघितल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केली, गावोगाव फिरून, लोक मोडीत घालायला निघालेत त्या वस्तू घेतल्या, आणि १९६२ साली सगळं सरकारला देऊन टाकलं. 'राजा' हे त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव. वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. तिथं तलवारी-बिलवारी सोडा, त्या सगळीकडे असतात. दिवे बघा, अडकित्ते बघा, पानाचे डबे बघा, आणि वज्री बघा. टाच घासायची साधी वज्री, पण तिच्यावर मोर, हत्ती, काय काय. ज्या माणसाने ती बनवली त्याला माहीत होतं की ही न्हाणीघरात पडून राहणारे, तरी केलं त्याने.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तासाभरात बाहेर आले. आता चार तास लागतात आणि तरी एखादा मजला राहतो.

पायरी ३: कुठं जायचं

मुंबईत अर्थात चोर बाजार, म्हणजे भेंडी बाजाराजवळची मटण स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्या. ग्रँट रोड किंवा सँडहर्स्ट रोडला उतरून टॅक्सी करा नाहीतर चालत जा, गाडी आणायचा विचार मनातसुद्धा आणू नका. मूळ नाव शोर बाजार होतं, गोंगाटावरून, साहेबाच्या तोंडी त्याचं चोर झालं, असं सगळे सांगतात. शुक्रवारी अँटिकची दुकानं बहुतेक बंद असतात पण पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, तो वेगळाच प्रकार, अंधारात टॉर्च मारून लोक चादरीवरचा माल उचलत असतात, जुना चार्जर, एक बूट, त्याच्या शेजारी चांगलं पोर्सेलिन. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी शुक्रवार टाळा, इतर दिवशी अकरानंतर जा, निवांत.

पुण्यात जुना बाजार, मंगळवार पेठेत, बुधवारी आणि रविवारी. इथं अँटिक कमी आणि भंगार जास्त, नटबोल्ट, पाने, मोटारी, घड्याळं, कपडे. पण भाव माणसांचे आहेत आणि नवख्याला हात साफ करायला ही जागा उत्तम, चूक झाली तरी दोनशेची होते.

गोव्याला गेलात तर दुकानात शिरायच्या आधी बाणावलीचं गोवा चित्र म्युझियम बघून घ्या, जुनी शेतीची अवजारं आणि घरातली हत्यारं बघितली की वस्तू कामाला कशी जुंपलेली असते ते दिसतं. केरळला जाणार असाल तर मट्टांचेरीचं ज्यू टाउन सुंदर आहे पण तिथं भाव टुरिस्टचे, डोळ्यांनी घ्या.

आणि आता माझी खरी जागा सांगते, जी कुणी सांगत नाही: तुमच्या गावातलं जुनं भांड्यांचं दुकान. लोक अजूनही जुनी भांडी मोडीत देतात आणि नवी घेतात, आणि ती मोड दुकानाच्या मागे पोत्यात पडलेली असते, भट्टीला जायची वाट बघत. दुकानदाराशी ओळख करा, दोन-चार वेळा खरंच काहीतरी विकत घ्या, मग विचारा, काका मोडीत काही चांगलं आलंय का. तिथं भाव किलोवर. अँटिक हा शब्द तोंडातून काढायचा नाही, काढलात की किलो संपला आणि नग सुरू झाला.

पायरी ४: पिशवीत काय असावं

लोहचुंबक, छोटं. दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनाराकडे असतं तसलं. मोबाईलची टॉर्च आहेच. ओला रुमाल. मोजपट्टी, कारण दुकानात लहान दिसणारं कपाट घरी दारातून जात नाही. सुट्टे पैसे, जीपे सगळीकडे आहे हल्ली पण नोटा दिसल्या की भाव खाली यायला मदत होते. आणि एक अख्खी सुपारी.

सुपारी कशाला? अडकित्ता विकत घ्यायचा असेल तर कातरून बघायला. शोपीस म्हणून बनवलेल्या नव्या अडकित्त्याची पाती एकमेकांवर बसतच नाहीत, वर राधाकृष्ण काढलेत पण सुपारी नुसती घसरते. खरा जुना, गंजलेला असला तरी, कट्कन दोन तुकडे करतो. मी हे एकदा मटण स्ट्रीटला केलं तर चाचा आधी चिडले, मग हसले, मग म्हणाले बेटा ये वाला मत ले, रुक, आणि आतून दुसरा काढून दिला. तोच आता माझ्याकडे आहे.

पायरी ५: वस्तू हातात घेतल्यावर

आधी उलटी करा. नेहमी. लोक पुढून बघतात, बनवणाराही पुढूनच सजवतो, तळाला कुणाचं लक्ष नसतं. समई असो, डबा असो, पुतळी असो, तळाच्या कडेला जिथं जमिनीला टेकते तिथं बारीक बारीक असंख्य ओरखडे हवेत, सगळ्या दिशांना. सगळे ओरखडे एकाच दिशेला असतील तर कुणीतरी पॉलिश पेपर मारलाय.

मग चुंबक. तांबं, पितळ, कासं, चांदी, काहीच चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे, वरून मुलामा. एक गंमत सांगते, १९४७ चा रुपया चुंबकाला चिकटतो आणि तो खरा असतो, कारण त्या वर्षी रुपया निकेलचा झाला.

मग आवाज. बोटाने टिचकी मारा. काशाचं ताट घुमतं, बराच वेळ, देवळातल्या घंटेच्या नात्यातलंच ते. पितळ लवकर गप्प होतं. घुमायला हवं ते बद्द वाजलं तर कुठंतरी तडा आहे किंवा डाग दिलेला आहे, म्हणजे धातू वितळवून सांधलेलं आहे. डाग दिलेलं असणं वाईट नाही हं, उलट मला जुनी दुरुस्ती आवडते, कुणालातरी ती वस्तू टाकवली नाही म्हणून तर झाली. फक्त भाव त्याप्रमाणे हवा.

हिरवा गंज दिसला की भुलू नका. ओल्या रुमालाने पुसा. खरा गंज धातूला धरून बसलेला असतो, ॲसिड मारून आणलेला हिरवा रंग रुमालावर येतो. वाससुद्धा घ्या, लाज वाटू देऊ नका.

लाकडी वस्तू, घड्याळ, ग्रामोफोन असेल तर स्क्रू बघा. अधिकच्या खुणेचा, म्हणजे चार बाजूंनी खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकात आला. १८९० चं म्हणून विकत असलेल्या पेटीला तो असेल तर एकतर दुरुस्ती झालीय नाहीतर पेटी परवाची आहे. बिजागरी, कुलूप, ड्रॉवरची मागची फळी, सगळं बाहेर काढून बघा. ड्रॉवर जिथं घासतो तिथं खालची पट्टी झिजलेली हवी.

आता काळ ओळखायच्या सोप्या खुणा, या पाठच करा. वजनावर शेर किंवा तोळा लिहिलं असेल तर ते १९६२ च्या आधीचं, कारण तेव्हापासून किलोची वजनं सक्तीची झाली. 'नया पैसा' लिहिलेलं नाणं १९५७ ते १९६४ मधलं. कपबशीच्या तळाला 'निप्पॉन' असेल तर साधारण १८९१ ते १९२१, कारण अमेरिकेने मालावर देशाचं नाव घालायला लावलं, आणि नंतर 'निप्पॉन' चालेना म्हणून 'जपान' लिहायला लागले. कंदिलावर ओगलेवाडीचा प्रभाकर छाप असेल तर नुसता कंदील म्हणून सोडू नका, कऱ्हाडजवळ औंध संस्थानात काढलेला तो कारखाना, काच आपली, कंदील आपला. काच मूळची असेल तर सोन्याहून पिवळं, बहुतेकांची फुटलेली असते आणि बाजारातली नवी बसवलेली असते.

नाव घातलेली भांडी (ही पायरी नाही, माझा हट्ट आहे)

लोक नाव कोरलेलं भांडं नको म्हणतात. दुकानदारसुद्धा म्हणतो, ताई नाव घासून देऊ का. अजिबात नाही! आपल्याकडे भांड्यावर नाव-साल घालायची जी पद्धत आहे तिच्यामुळे भांडं आपली जन्मतारीख सांगतं, आणखी काय पाहिजे.

माझ्याकडे एक तांब्या आहे, जुन्या बाजारात घेतला, किलोच्या भावाने, पोचे तीन. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, 'चि. सौ. कां.' मग नाव घासून गेलंय, फक्त शेवटचा 'ई' उरलाय, मग 'हीस मामाकडून' आणि 'शके १८६१'. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवा, १९३९. म्हणजे त्या साली कुठल्यातरी मुलीचं लग्न ठरलं, मामा भांड्याच्या दुकानात गेला, बाहेर बसलेल्या माणसाने छिन्नी-हातोडीने टकटक करत नाव घातलं. ठिपके म्हणजे हाताचं काम. नंतर विजेचं मशीन आलं, त्याची रेघ सलग आणि थरथरती असते, ऱ्हस्व-दीर्घाचा आनंद असतो. आणि बघा, तांब्यावर नाव कुठं घासलंय, तर बरोबर तिथं जिथं पाणी ओतताना हात धरतो. तिनेच पुसलं तिचं नाव, रोज धरून धरून.

शके दिसलं तर अठ्ठ्याहत्तर मिळवा, संवत दिसलं तर सत्तावन्न वजा करा. एखाद वर्ष इकडेतिकडे होईल, चालतं.

पायरी ६: हमखास नकली माल

पहिला नंबर, रामदरबाराची नाणी. ईस्ट इंडिया कंपनीचा आणा, एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-हनुमान, साल १८१८ किंवा १६१६ वगैरे, आणि कुणीतरी कानात सांगतं की हा चुंबकासारखा तांदूळ ओढतो, परदेशात करोडोंना जातो. असला आणा कंपनीने कधी पाडलेलाच नाही. काहींवर तर 'यूके' लिहिलेलं असतं! दहा रुपयाला मिळाला तर मुलांना खेळायला घ्या. चांदीचा रुपया घ्यायचा असेल तर वजन करा, १८३५ पासूनचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, झिजला असेल तर थोडा कमी. १९४० पासून त्यात चांदी निम्म्यावर आली हे ध्यानात ठेवून भाव करा.

दुसरा, भोंग्याचा ग्रामोफोन. चकचकीत पितळी कर्णा, खाली कोरीव लाकडी पेटी, त्यावर कुत्र्याचं स्टिकर. नव्वद टक्के वेळा पेटी नवी, कर्णा नवा, आतलं मशीन कुठल्यातरी मोडक्या पोर्टेबलमधून काढलेलं. दिवाणखान्यात छान दिसतो, मान्य, पण मग शोपीसच्या भावाने घ्या. ऐकायला पाहिजे असेल तर सूटकेससारखा पोर्टेबल बघा, चावी द्या, एक अख्खी रेकॉर्ड वाजू द्या, मध्येच आवाज रडायला लागला तर स्प्रिंग गेली. सुई दर बाजूला बदलायची, एकच सुई घासत राहिलात तर लाखेची रेकॉर्ड खरवडून निघते. आणि हातातून पडली की संपलीच.

तिसरा, राजा रविवर्म्याची चित्रं. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोचल्या. आता जुन्या फ्रेममध्ये नवा प्रिंट घालून विकतात. भिंग इथं काढायचं. चेहऱ्यावर धरा. नव्या ऑफसेट छपाईत ठिपके एकदम शिस्तीत, फुलासारख्या गोल नक्षीत दिसतात. जुन्या दगडी छपाईत ठिपके वेडेवाकडे, हाताने टाकल्यासारखे, आणि रंग एकावर एक चढलेले, कुठे रेघेच्या बाहेर सांडलेले. एकदा दिसलं की परत कधी चुकणार नाही. जरी-टिकल्या चिकटवलेल्या मिळाल्या तर आणखी मजा, बायका घरी बसून देवीला नेसवायच्या.

चौथा, मनगटी घड्याळं. फिकट झालेली तबकडी काढून रंगवलेली, लाल-हिरव्या चटक रंगात. एचएमटीची जनता, पायलट वगैरे घ्यायची असतील तर चटक रंग टाळा, पिवळट पडलेली, काट्याजवळ डाग असलेली घ्या. तबकडीवरची अक्षरं भिंगाखाली जाडी-बारीक दिसली की रिडायल, म्हणजे तबकडी पुन्हा रंगवलेली.

जोधपूर-सहारनपूरचं जुनं केलेलं फर्निचर, मुरादाबादचं काळं केलेलं पितळ, इनॅमलच्या जुन्या पाट्यांसारख्या रंगवलेल्या पत्र्याच्या पाट्या, ही यादी संपणार नाही. नव्या वस्तूत वाईट काही नाही. नवी वस्तू जुनी म्हणून घेऊ नका एवढंच. खरं तर ठोक्याचं तांबं आवडत असेल तर कसबा पेठेत तांबट आळीत जा, अजून हातोडीने मठारकाम करणारी माणसं आहेत, समोर बसून करून घ्या, आणि तुमचं नाव घाला त्यावर.

पायरी ७: भाव

सकाळी पहिलं गिऱ्हाईक असाल तर बोहनीचा फायदा मिळतो पण नुसतं विचारून निघून गेलात तर बोहनी खराब केली म्हणून शिव्याही मिळतात, तेव्हा घ्यायचंच नसेल तर उशिरा जा. हवी ती वस्तू आधी उचलू नका. शेजारच्या दोन-तीन उचला, भाव विचारा, मग सहज, अच्छा आणि हे? हे सगळ्यांना माहीत आहे, दुकानदारालाही माहीत आहे, तरी करायचं, तो खेळाचा भाग आहे. निम्म्यापासून सुरू करा वगैरे सरसकट नियम खोटे आहेत, काही जण खरंच योग्य भाव सांगतात आणि निम्मा ऐकला की तोंड फिरवतात.

त्यापेक्षा खोट दाखवा. चाचा, कडी बदललीय बघा. हे झाकण याचं नाही. तुम्हाला दिसतंय हे त्याला कळलं की बोलण्याची पद्धतच बदलते, मग चहा येतो. स्टोरीचे पैसे देऊ नका, संस्थानिकाच्या वाड्यातलं, पारशी बंगल्यातलं, कप्तानाचं. वाडा दिसत नाहीये, वस्तू दिसतेय. आणि माझा नियम, आवडली वस्तू तर एक फेरी मारून यायचं. परत येईपर्यंत गेली तर गेली. माझं एक चुनाळं, म्हणजे पानाच्या चुन्याची डबी, असं गेलंय, पितळी, आंब्याच्या आकाराचं, मी अजून कधीकधी त्याचा विचार करते, तरी नियम मोडत नाही. (दोनदा मोडलाय.)

पायरी ८: कायदा, हे मात्र नीट वाचा

आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू, महत्त्वाची हस्तलिखितं-कागदपत्रं असतील तर पंच्याहत्तर वर्षं. त्या विकायला दुकानदाराकडे लायसन्स लागतं, तुम्ही ती देशाबाहेर नेऊ शकत नाही, आणि जुन्या दगडी, धातूच्या, लाकडाच्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या यांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते. अमेरिकेतल्या बहिणीला आजोबांची समई पाठवायची असेल तर आधी पुरावस्तू नाही असं सर्टिफिकेट काढा, एअरपोर्टवर रडारड नको. देवळातली वाटणारी दगडी मूर्ती कुणी गुपचूप दाखवली तर नोंदणीचा कागद मागा, नसेल तर चालू पडा, कितीही सुंदर असो. शेतात हंडा सापडला, नाणी सापडली, हे ऐकलं तरी लांबच राहा, जमिनीत सापडलेलं धन कलेक्टरला कळवायचं हा कायदा १८७८ पासून आहे.

हस्तिदंत नाही म्हणजे नाही. बांगडी नाही, मुठीचा तुकडा नाही. कातडी, शिंगं, कासवाच्या पाठीच्या पेट्या, तेच. आणि पूजेच्या दुकानांत 'हाथाजोडी' नावाची मुळी मिळते, पैसा खेचते म्हणे. ती मुळी नाही, घोरपडीच्या नराचं गुप्तांग आहे वाळवलेलं. 'इंद्रजाल' म्हणून फ्रेम करून विकतात ती वनस्पतीही नाही, समुद्रातलं प्रवाळ आहे. दोन्ही बाळगणं गुन्हा.

आणि टाक. चांदीचे, देवघरातले, खंडोबा, म्हाळसा, वीर. बाजारात मूठमूठ मिळतात हल्ली. शंभर वर्षांच्या आतले असतील तर याला कायदा आडवा येत नाही, मला मात्र जमत नाही, कुणाच्यातरी कुळाचे देव ते. माझी मैत्रीण घेते, लॉकेट करते. तिचं तिला.

पायरी ९: घरी आणल्यावर

लाकूड असेल तर थेट बेडरूममध्ये नेऊ नका. बाल्कनीत आठ-दहा दिवस, खाली पांढरा कागद. कागदावर भुसा पडला तर कीड जिवंत आहे. फटींमध्ये टॉर्च मारा, ढेकूण मी एकदा आणलेत घरात, त्यावर जास्त बोलणार नाही.

नाणं घासायचं नाही, चिंच नाही, पितांबरी नाही, टूथपेस्ट तर नाहीच, घासलेल्या नाण्याची किंमत तिथंच पडते. भांडी घासा खुशाल, ती घासण्यासाठीच जन्माला आली. स्वयंपाकाला वापरणार असाल तर आधी कल्हई. कल्हईवाला अजून सापडतो, विचारत राहा, भांडं तापवून नवसागर टाकतो, भस्सकन पांढरा धूर, मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाने फिरवला की काळं भांडं डोळ्यासमोर आरसा होतं. मुलांना दाखवा हे. डाग दिलेल्या भांड्यात मात्र खायचं-प्यायचं नाही, जुन्या डागात शिसं असायचं. त्यात रोप लावा.

वहीत लिहून ठेवा, कुठं घेतलं, कितीला, कुणी काय सांगितलं. माझ्या वहीत होकायंत्रापुढे 'कप्तान' लिहून खोडलंय. आणि दोन वस्तू आल्या की एक बाहेर काढायची, हा नियम मी लग्नाच्या तहात लिहून दिलाय, त्यामुळे सध्या एक शेराचं वजन, दोन कंदील आणि एक बिनझाकणाचा पानाचा डबा माझ्या डेस्कखाली लपवलेले आहेत. झाकण कुणाला कुठं दिसलं तर सांगा, लंबगोल, साडेसहा इंच, बिजागरी डावीकडे.